हायवेला लागून फ्लॅट असेल तर आवाज कसा कमी करायचा: आधी खिडकी, मग दरवाजा, भिंत सगळ्यात शेवटी

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलं की ब्रोकर कौतुकाने सांगतो 'हायवे टच आहे साहेब', आणि राहायला आल्यावर रात्री दोन वाजता खाली कंटेनर गियर बदलतो तेव्हा टच म्हणजे काय ते कळतं. नवी मुंबईत वेगळं काही नाही. सायन-पनवेल हायवेच्या कडेला जुईनगर-नेरूळ, पाम बीचवर रात्री बाईक पळवणारी पोरं, ठाणे-बेलापूर रोडला ट्रक आणि शेजारी ट्रान्स हार्बरची लोकल, त्यात २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडायला लागलीत. मग माणूस वैतागून ऑनलाईन 'साउंडप्रूफिंग' शोधतो आणि सगळ्यात आधी समोर येतात ते काळे पिरॅमिडवाले फोमचे चौकोन, भिंतीला चिकटवा आणि शांत झोपा म्हणे. ते घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी कार्टमध्येच राहू द्या.

आवाज येतो कसा

घरातला नकोसा आवाज दोन जातींचा असतो. एक हवेतून येणारा, म्हणजे हॉर्न, कुत्री, शेजारचा टीव्ही, लग्नाचा डीजे. दुसरा ठोक्याचा, म्हणजे वरच्या घरात खुर्ची सरकली, खलबत्त्यात वेलची कुटली, चार मजले खाली कुणी ड्रिल मारलं, गच्चीवरच्या पंपाची थरथर. हा दुसरा आवाज स्लॅब आणि कॉलममधून चालत येतो. हवेतल्या आवाजाला उपाय म्हणजे फट बंद करणं आणि मध्ये वजनदार काहीतरी आणणं, ठोक्याच्या आवाजाला उपाय म्हणजे मध्ये रबर, फेल्ट, स्प्रिंग असं मऊ काहीतरी घालून तो जिथे सुरू होतो तिथेच तोडणं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

फोमचं सांगतो. फोमला तोंड लावून फुंकर मारा, हवा पलीकडे जाते, मग हॉर्न का नाही जाणार? फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी करतो, म्हणून रेकॉर्डिंग करणारे तो लावतात, बाहेरचा आवाज अडवण्याएवढं वजनच त्याच्यात नसतं. वर साधा पीयू फोम पटकन पेटतो आणि त्याचा धूर फार वाईट, तो बेडरूममध्ये स्विचबोर्डच्या आजूबाजूला लावणं म्हणजे कमालच आहे. अंड्याचे ट्रे चिकटवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता थोडे आकडे. डेसिबलमध्ये १० ने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट पण कानाला साधारण दुप्पट, तसंच १० ने कमी झाला की निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि ३ चा फरक जेमतेम कळतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीत आतमध्ये ३० असावं असं म्हटलं होतं. आता तुमच्या खिडकीबाहेर ७५ असेल आणि तुमची जुनी स्लायडिंग खिडकी २०-२५ अडवत असेल, तर आत ५० च्या वरच राहणार. ३० वर आणायचं स्वप्न हायवेसमोर बघू नका, ४० च्या आसपास आलं तरी झोप लागते.

अजून एक गणित बघा, कंटाळा आला तरी बघा कारण पैसे इथे वाचतात. समजा बेडरूमची बाहेरची बाजू १२० चौरस फूट आहे, त्यात २० चौरस फुटांची खिडकी. भिंत ४५ डेसिबल अडवते, खिडकी २५. दोन्ही मिळून त्या बाजूने साधारण ३३ अडतात. आता तुम्ही भिंतीवर भरपूर खर्च करून ती ६० वर नेली, तर एकूण किती झालं? तेच ३३, पाव डेसिबलचासुद्धा फरक नाही, कारण आवाज सगळा खिडकीतूनच येतोय. भिंतीला हात न लावता खिडकी २५ ची ३५ केली तर एकूण ४१ होतं, म्हणजे आठ डेसिबल कमी, आणि ते कानाला ताबडतोब जाणवतं. म्हणून इंटिरिअरवाला रस्त्याकडच्या भिंतीला पॅनेलिंग करू म्हणाला की त्याला आधी खिडकीचं विचारा.

पहिलं काम: शिरतो कुठून ते शोधा

ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला हे करायचं, दुपारी करून उपयोग नाही. पंखा, एसी बंद, फ्रिजही दहा मिनिटं बंद करा, घरच्यांना गप्प बसवा. मग खोलीत डोळे मिटून उभे राहा आणि कान हळूहळू कडेकडेने न्या: खिडकीच्या दोन काचा जिथे एकमेकांवर येतात ती उभी जागा, खालचा ट्रॅक, फ्रेम आणि भिंत यांचा सांधा, एसीच्या पाईपचं भोक, दरवाज्याची खालची फट, शेजाऱ्याच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड. फरक इतका स्पष्ट असतो की तुम्हालाच नवल वाटेल.

मग अगरबत्ती. खिडकी लॉक करून पेटलेली अगरबत्ती फ्रेमच्या कडेने सावकाश फिरवा, पडदा आधी बाजूला बांधून ठेवा. बाहेर जरा वारा असला तर चांगलंच. सरळ वर जाणारा धूर बहुतेक खिडक्यांत तीन ठिकाणी अचानक वाकतो: दोन शटर, म्हणजे काचेचे सरकणारे भाग, मध्ये जुळतात तिथे, त्याच जागेच्या अगदी वर आणि अगदी खाली जिथे बोटभर पोकळी राहिलेली असते, आणि लॉकच्या बाजूला. जिथून हवा येते तिथून आवाज येतोच. एखाद्या भिंतीत फक्त एक टक्का जागा उघडी राहिली तर ती भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही.

तिसरी परीक्षा माझी आवडती आहे. बंद शटरला दोन्ही तळहात लावून फ्रेमवर जोरात दाबून धरा आणि ऐका. दाबल्यावर आवाज एकदम खाली गेला तर तुमची काच ठीक आहे, सील गेलंय, म्हणजे काम काही शे रुपयांचं. काहीच फरक पडला नाही तर काच बदलावी लागेल, किंवा आवाज दुसरीकडून येतोय. खात्री करायची असेल तर एक रात्र सगळ्या फटींवर रुंद चिकटपट्टी मारून झोपा. फटी बुजवून जास्तीत जास्त किती फायदा मिळेल ते त्या एका रात्रीत कळतं, तेही पट्टीच्या किमतीत.

फोनवरची डेसिबल मीटर ॲप आहेत, त्यांचा आकडा खरा मानू नका पण आधी-नंतर तुलना करायला चालतात. फोन तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवा, दोन-तीन मिनिटांची सरासरी बघा, एखाद्या हॉर्नचा सगळ्यात वरचा आकडा नको.

दुसरं काम: फटी बुजवा

अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीत शटरच्या कडेला केसाळ पट्टी असते, तिला ऊल पाईल म्हणतात, काही दुकानदारांना नुसतं 'ब्रश' म्हटलं तरी कळतं. ही पट्टी आपल्या धुळीत आणि उन्हात काही वर्षांत बसते. शटर बाहेर काढून बघितलंत तर ती काळी, चपटी झालेली, मध्ये कबुतराची पिसं अडकलेली, काही ठिकाणी तर पट्टीच गायब असते. जुन्या पट्टीचा दोन इंचाचा तुकडा कापून हार्डवेअरच्या किंवा अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात न्या, कारण तिचा तळ आणि केसांची उंची दोन्ही जुळायला लागतात, एखाद मिलिमीटर चुकली तर एकतर ढिली पडते नाहीतर शटर सरकतच नाही. मधोमध पातळ प्लास्टिकची पट्टी असलेली ऊल पाईल मिळते, ती घ्या, ती हवा बरीच जास्त अडवते.

शटर वरच्या चॅनलमध्ये उचलून खालची बाजू आत ओढली की निघतं. दोन माणसं हवीत आणि बाहेर ग्रिल नसेल तर हे स्वतः करायला जाऊ नका, फॅब्रिकेटरला बोलवा, बाराव्या मजल्यावरून काच खाली गेली तर आवाजाचा प्रश्न राहील बाजूलाच. जुनी पट्टी खाचेतून ओढून काढा, खाच ब्रशने साफ करा, नवी पट्टी सरकवत न्या पण ताणू नका, ताणून कापली की नंतर आखडते आणि टोकाला पुन्हा फट. टोकाशी पक्कडने खाच हलकी दाबून टाका म्हणजे पट्टी घसरत नाही. शटरच्या खालच्या कोपऱ्यात रोलरचा स्क्रू असतो, तो फिरवून शटर फ्रेमला समांतर करा, बऱ्याचदा शटर एका बाजूला झुकल्यामुळेच वरच्या कोपऱ्यात फट पडलेली असते. लॉकचा हूक शटरला घट्ट ओढतो की नुसता अडकतो तेही बघा. आणि दोन शटरच्या मधल्या सांध्याच्या वर-खाली जी पोकळी राहते तिथे रबराचा किंवा केसाळ पट्टीचा छोटा ठोकळा बसवायचा असतो, तो बरेच फॅब्रिकेटर बसवतच नाहीत, विचारलं की म्हणतात 'त्याने काय होतंय'. त्यानेच होतं.

ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला जी भोकं असतात ती मात्र चुकूनही बंद करू नका, नाहीतर जुलैमध्ये ट्रॅक भरून पाणी थेट गादीवर येईल. त्यावर बाहेरून उघडणारी छोटी टोपी मिळते, ती लावता येते.

फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यात बाहेरून सिलिकॉन आणि आतून रंग देता येईल असं ॲक्रिलिक सीलंट भरा. व्हाईट सिमेंट किंवा पीओपी भरलेलं असेल तर खरवडून काढा, त्याला हमखास चिरा पडतात. फट बोटाएवढी मोठी असेल तर आधी पीयू फोमच्या गनने भरून, सुकल्यावर कापून, वरून सीलंट, कारण नुसता फुगलेला फोम हलका असतो. ही सगळी कामं मे महिन्याच्या आत उरका, ओल्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही. एसीच्या पाईपचं भोक अर्ध्या घरांत नुसतं चिंध्या कोंबून सोडलेलं असतं, तेही याच पद्धतीने भरा. वर्तकनगर-नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये किंवा वाशीच्या जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये विंडो एसीची जागा असते, स्प्लिट एसी लावल्यावर तिथे प्लायचा तुकडा ठोकून वर रंग मारलेला असतो. ते खिडकीपेक्षा वाईट. प्लाय काढा, वीट लावा, दोन्हीकडून प्लास्टर करा.

तिसरं काम: काच आणि खिडकी

फटी बुजवूनही पुरेसं झालं नाही तर इथे या. बिल्डरने दिलेल्या खिडकीत बहुतेक ४ किंवा ५ मिलिमीटरची साधी काच असते. फॅब्रिकेटर पहिलं सांगेल 'डबल ग्लास घ्या, एकदम सायलेंट'. इथे थांबा. ६ मिलिमीटर काच, १२ मिलिमीटर हवा, परत ६ मिलिमीटर काच असं जे तयार युनिट मिळतं ते मुळात उष्णतेसाठी आहे. दोन सारख्या काचा आणि मध्ये एवढीशी हवा असली की २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जाड आवाजाच्या खालच्या पट्टीत, दोन्ही काचा मिळून थरथरतात, आणि ट्रक-बसची घरघर नेमकी त्याच भागात आणि त्याच्या खाली असते. हॉर्न कमी होतो, घरघर राहते, आणि लोक म्हणतात एवढे पैसे घालून काय मिळालं.

आवाजासाठी लॅमिनेटेड काच चांगली, म्हणजे दोन काचांमध्ये पातळ लवचिक थर चिकटवलेली. त्या थरामुळे काचेची थरथर मरते. खास आवाजासाठीचा थर असलेली लॅमिनेटेड काच येते, ती साध्या लॅमिनेटेडपेक्षा दोन-तीन डेसिबल पुढे जाते. डबल काच घ्यायचीच असेल तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या आणि त्यातली एक लॅमिनेटेड मागा. जुन्या शटरमध्ये नुसती काच बदलायची झाली तर वजनाचा हिशेब करा, काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, ५ ची साडेबारा किलो, ८ ची वीस. जुने रोलर तेवढं पेलतात का आणि खाचेत ती जाडी बसते का हे फॅब्रिकेटरला आधी विचारायचं, काच कापून आणल्यावर नाही.

पण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा कशात असेल तर तो दुसऱ्या खिडकीत. आहे ती खिडकी तशीच ठेवायची आणि आतल्या बाजूला, मार्बलच्या कट्ट्यावर, स्वतंत्र फ्रेममध्ये अजून एक खिडकी बसवायची. दोन्हींच्या मध्ये चार इंच अंतर मिळालं तर उत्तम, हे अंतरच खालच्या पट्टीतली घरघर कापतं, जे १२ मिलिमीटरच्या हवेला जमत नाही. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये खिडकीचा कट्टा आत रुंद असतो किंवा बे-विंडो असते, त्यामुळे जागा मिळते. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून एलिव्हेशन बदललं अशी सोसायटीची तक्रारही येत नाही. आतली खिडकी पूर्ण उघडणारी ठेवा, मधली धूळ पुसायला लागते आणि आगबिग लागली तर बाहेर पडायची वाट राहिली पाहिजे.

पूर्ण खिडकीच बदलत असाल तर सरकणारी नको, दाराप्रमाणे उघडणारी घ्या, यूपीव्हीसी असो की चांगलं अॅल्युमिनियम. सरकणाऱ्या खिडकीला सरकायला जागा ठेवावीच लागते, उघडणारी खिडकी हँडल फिरवला की रबर गॅस्केटवर चारही बाजूंनी दाबून बसते. अडचण ग्रिलची. बाहेर उघडायची तर सपाट ग्रिल आड येतं, आत उघडायची तर पडदा आणि अभ्यासाचं टेबल आड येतं, तेव्हा माप घ्यायच्या आधी शटर कुठे फिरणार ते जागेवर उभं राहून बघा. चाचणीचा रिपोर्ट मागताना 'काचेचा नको, पूर्ण खिडकीचा आर-डब्ल्यू किती' असं विचारा, आर-डब्ल्यू म्हणजे किती डेसिबल अडतात तो आकडा, काचेचा आकडा नेहमी गोड असतो. शेवटचा हप्ता काम बघून, रात्री ऐकून द्या.

एक गोष्ट लोक विसरतात. खिडकी घट्ट केली की हवा पण बंद. मे महिन्यात ठाण्यात बंद खिडकीत एसीशिवाय झोपणं अशक्य आहे आणि साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, म्हणून सगळं घर सील करण्यापेक्षा झोपायची एकच खोली नीट करा आणि तिथे रस्त्याच्या विरुद्ध बाजूने हवा यायची सोय ठेवा.

दरवाजा

मेन डोअरमधून लिफ्टचा, लॉबीचा, शेजारच्यांच्या गप्पांचा आवाज येतो. फ्लश डोअर आतून पोकळ असेल, टकटक करून कळतं, तर तो भरीव करून घ्या. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी चिकटवा, स्पंजची नको, ती महिन्याभरात बसते. खालच्या फटीसाठी दरवाजा बंद झाला की आपोआप खाली येणारी सीलची पट्टी मिळते, सुतार दरवाज्याच्या खाली खाच पाडून बसवतो. ते नको असेल तर दोन दांड्यांची कापडी गुंडाळी सरकवा, अगदी स्वस्तातली आहे पण काम करते. बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरचा आवाजाला काडीचा उपयोग नाही.

बाथरूम, डक्ट आणि जिथे हात लावायचा नाही

बाथरूमच्या लूव्हरच्या काचांतून डक्टमधला सगळा संसार ऐकू येतो, कोण आंघोळ करतंय, कोण भांडतंय. ती खिडकी बंद करू नका, बाथरूमचा दरवाजाच नीट करा. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची हवा अडवली तर कार्बन मोनॉक्साइड साठून माणूस दगावतो, हे दर हिवाळ्यात पेपरमध्ये येतं. स्वयंपाकघरातही पाईप गॅस असो की सिलिंडर, हवेसाठी ठेवलेली झडप किंवा जाळी तशीच राहू द्या. डक्टमधल्या पाण्याच्या पाईपचा खळखळाट बेडरूममध्ये येत असेल तर प्लंबरकडून पाईपचे क्लॅम्प तपासून घ्या, क्लॅम्पमध्ये रबर घातलं की अर्धं काम होतं.

शेजारची भिंत

इथे भिंतीचं काम खरंच लागतं, पण भिंत कशाची आहे ते आधी बघा. प्लास्टर केलेली नऊ इंची वीट चांगलीच अडवते. चार इंची हलक्या एएसी ब्लॉकची भिंत कमी अडवते, कारण तो ब्लॉक विटेच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा. नवीन टॉवरमध्ये मिवानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, पूर्ण काँक्रीटच्या भिंती असतात, त्यात शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही पण नवव्या मजल्यावरचं ड्रिल विसाव्यावर दातात जाणवतं. तिथे भिंतीला काहीही लावून ड्रिल थांबणार नाही.

आधी स्वस्तातलं करा. शेजारच्या भिंतीवर दोन्हीकडे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून असतील तर इलेक्ट्रिशियनला मेन बंद करून डब्याच्या कडा सीलंटने भरायला सांगा. कपड्यांचं गच्च भरलेलं कपाट त्या भिंतीला लावा, थोडा फरक पडतो.

पूर्ण करायचंच असेल तर असं: जुन्या भिंतीपासून इंचभर लांब, तिला कुठेही न टेकणारी जीआय चॅनलची फ्रेम उभी करायची, वर-खाली चॅनलच्या खाली रबर किंवा फोम टेप, मध्ये ५० मिलिमीटरचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), समोर साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यावर येऊ द्यायचे नाहीत, आणि चारही कडांना सीलंट. चार-पाच इंच खोली जाते. फ्रेम एका जागी जरी स्क्रूने भिंतीला जोडली तरी फायदा बराचसा गेला, आणि कारागीर ती जोडतोच, सवयीने, 'हलेल ना साहेब' म्हणून, तेव्हा त्या दिवशी सुट्टी घ्या आणि समोर उभे राहा. नीट जमलं तर दहा-पंधरा डेसिबल मिळतात. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे. भिंतीला ओल असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बोर्डाच्या मागे बुरशी आणि घरात वास.

वरचा मजला

खाली सीलिंग करून वरच्या खुर्चीचा आवाज थांबवणं महाग आणि अर्धवट. नेहमीचं पीओपीचं सीलिंग स्लॅबला घट्ट टांगलेलं असतं, ठोका त्यातूनच खाली येतो, वर लाईटसाठी भोकं. रबर किंवा स्प्रिंगच्या हँगरवर जिप्सम आणि रॉकवूल केलं तर फरक पडतो पण सहा इंच उंची जाते आणि भिंतींतून येणारा ठोका तसाच राहतो. त्यापेक्षा वर जा. 'काकू, तुमच्या डायनिंगच्या खुर्च्यांचा आवाज रात्री फार येतो हो, हे फेल्टचे पॅड आणलेत, चालेल का लावले तर?' असं पॅड हातात घेऊनच विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, 'तुम्ही रात्रभर काय फर्निचर हलवता' असं विचारलं तर पुढची पाच वर्षं जास्त हलतं. झोपाळ्याच्या कड्या, ट्रेडमिल, वॉशिंग मशीन, मुलांची सायकल हे नेहमीचे गुन्हेगार. ट्रेडमिलखाली जाड रबर मॅट, कड्यांना रबरी बुश.

आपल्याकडचं पण बघायचं. मिक्सरखाली रबर मॅट किंवा जाड घडी घातलेला टॉवेल ठेवला तर ओटा वाजत नाही. वॉशिंग मशीन नाचत असेल तर पाय लेव्हल करा, नवी मशीन असेल तर वाहतुकीसाठी मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना तेही बघा. एसीचं आउटडोअर युनिट ब्रॅकेटवर रबर पॅडशिवाय बसवलं असेल तर बेडरूमची भिंत रात्रभर गुणगुणते. आणि नवीन रिकाम्या फ्लॅटमध्ये मोठ्या टाइल्स, उघड्या भिंती असल्या की सगळंच घुमतं, तिथे सतरंजी, जाड पडदे, सोफा आला की घर शांत झाल्यासारखं वाटतं. जाड पडद्यांनी बाहेरचा ट्रक मात्र अडत नाही, साउंडप्रूफ पडदे म्हणून विकतात त्याला भुलू नका.

सोसायटीचा आणि बाहेरचा आवाज

पंप, लिफ्ट, जनरेटर यांचा आवाज एकट्याने सोडवता येत नाही. सेक्रेटरीला लेखी द्या, आणि नुसतं 'आवाज येतो' नको, काय करायचं ते लिहा: पंपाखाली रबर किंवा स्प्रिंग माउंट, पंपाच्या दोन्ही बाजूला पाईपमध्ये रबरी बेलो (लवचिक जोड), पाईप भिंतीतून जातो तिथे रबराची गादी, आणि पंप रात्री ११ ते ५ बंद राहील असा टायमर. डिझेल जनरेटरला १००० केव्हीएपर्यंत १ मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, तुमचा जास्त ओरडत असेल तर बहुतेक त्याचा कॅनोपीचा दरवाजा उघडा असतो किंवा सायलेन्सर गेलेला असतो. फ्लॅटमधल्या रिनोव्हेशनला दुपारची शांत वेळ आणि रविवारी तोडफोड बंद हे सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्या, तोंडी सांगितलेलं काँट्रॅक्टर ऐकत नाही.

रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेवढे सोडून ११२ ला फोन करता येतो, जागा आणि वेळ नेमकी सांगा. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्याजवळ राहत असाल तर वर लिहिलेली एकही खिडकी त्या डीजेचा बेस अडवणार नाही, एवढ्या खालच्या पट्टीला काच पुरत नाही, त्या दिवशी सरळ आत्याकडे बदलापूरला जावं. खिडक्यांचे ट्रॅक आणि ऊल पाईल मात्र दर दिवाळीच्या साफसफाईत बघत जा, पावसाळ्यानंतर खालच्या ट्रॅकमध्ये चिखल बसलेला असतो आणि शटर पुन्हा झुकलेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा दिला की पुढचं वर्ष जातं.